भांडणाची सरासरी

माझी बायको आणि माझी थोरली बहीण एकमेकींशी फक्त आकड्यांत बोलायच्या. हे मी गमतीने सांगत नाही. घरात अबोला आणि कामावर आकडे, असा त्यांचा कारभार, आणि अडकित्त्यातल्या सुपारीसारखा मी मध्ये. लोक विचारायचे, "घरी तिघं, कामावर तिघं, मग काय, मजाच असेल?" मी म्हणायचो, हो, फारच. मला लोक तिरसट म्हणतात. त्यांनी या दोघींबरोबर एका घरात राहून दाखवावं आणि मग गोड बोलून दाखवावं.

आम्ही तिघंही एकाच प्रयोगशाळेत कामाला. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना पांढरे डगले आणि काचेच्या नळ्या आठवतात. आमच्याकडे तेलाचा वास, लोखंडाची धूळ आणि भिंतीला लावून ठेवलेले पोलादाचे तुकडे. कारखाने आपल्या मालाचे तुकडे पाठवायचे आणि तो माल किती कठीण आहे ते आम्ही सांगायचं. पहिलं काम माझं. तुकडा घासायचा, एक बाजू गुळगुळीत करायची आणि भिंतीतल्या खिडकीतून पलीकडच्या खोलीत सरकवायचा. पलीकडे हिरव्या रंगाचं यंत्र. त्यात तुकडा ठेवायचा, त्यावर करंगळीच्या नखाएवढी एक अतिशय कठीण गोळी टेकवायची आणि तिच्यावर तीन टनांचा भार सोडायचा. जरा थांबायचं आणि भार काढून घ्यायचा. भार निघाला की धातू किंचित परत वर येतो. जेवढा परत येत नाही, तेवढा खड्डा राहतो. तो खड्डा रुंद असेल तर धातू मऊ, अरुंद असेल तर कठीण. भिंगातून बघून त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची, की झालं.

ऐकायला सोपं आहे. पण गोळी आत शिरते तेव्हा तिथला धातू कुठेतरी जायलाच हवा. तो कडेने वर येतो. खड्ड्याभोवती केसाएवढा चकचकीत बांध उभा राहतो. आता मला सांगा, खड्डा कुठे संपतो? बांधाच्या आतल्या अंगाला की बाहेरच्या? दुसऱ्यांच्या घरात दागिन्यांवरून वाजतं. आमच्या घरात यावरून वाजलं.

ताई आधीपासून खड्डे मोजायची. लग्न तिने केलं नाही, का केलं नाही ते तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. मला कामाला तिनेच लावलं, आणि माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोलाही. पहिल्याच दिवशी बायकोने भिंगाला डोळा लावला आणि म्हणाली, "चार."

ताईने तिच्या हातातलं भिंग घेतलं, स्वतः बघितलं आणि म्हणाली, "चार पॉइंट एक. बांधासकट धर."

"बांध म्हणजे खड्डा नव्हे, ताई."

"मी हे काम करत होते तेव्हा तू शाळेत होतीस."

"शाळेतच शिकवलं मला, खड्डा कशाला म्हणतात ते."

मी खिडकीच्या अलीकडे होतो. माझ्या हातातला तुकडा हातातच राहिला. दोघींच्याही नाकावर राग. त्या दिवसापासून ताईने मोजलेला खड्डा बायको पुन्हा मोजायची आणि बायकोने मोजलेला ताई. कुणीही दुसरीचा आकडा लिहू द्यायची नाही. आमचे मालक भांडण दिसलं की पळायला चप्पल शोधणारे. त्यांनी शेवटी हात जोडले आणि सांगितलं, "दोघीही सांगा. आपण मधला लिहू."

मग एकदा खात्रीचा ठोकळा आणला. या ठोकळ्यावर आधीच एक खड्डा पाडलेला असतो आणि त्याची खरी रुंदी कागदावर लिहिलेली असते. आपला डोळा बरोबर आहे की नाही ते त्यावरून कळतं. ताईचा आकडा जास्त आला, बायकोचा कमी आला आणि मधला तंतोतंत बरोबर. एकीचंही खरं नव्हतं, आणि मालक हे दोघींच्या तोंडावर हसून बोलले, म्हणजे त्यांची अक्कल बघा. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेचा तोच नियम झाला. आधी बायको आकडा सांगणार, मग ताई. त्यांच्याकडे पाठ करून बसलेली कारकून बाई, तिला आम्ही टकटक म्हणायचो, ती दोन्ही आकडे संगणकावर ठोकणार आणि संगणक मधला काढणार. गिऱ्हाइकं आमची वाखाणणी करायची. मालक म्हणायचे, "आपल्याकडे भांडणाची सरासरी निघते."

घरी मात्र सरासरी वगैरे काही नव्हती. दोघी एकाच टेबलावर जेवायच्या आणि ताई मला सांगायची, "तुझ्या बायकोला सांग, मीठ जास्त झालंय."

"तुमच्या बहिणीला सांगा, मीठ त्यांनीच घातलंय."

सुरुवातीला मी एकदा समेट करायला गेलो. दोघींनी मिळून मला असं धारेवर धरलं, की तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. तेव्हापासून मी नियम केला. या दोघींच्या मध्ये पडायचं नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

पण मला डोळे होते. ताईचा डावा गुडघा धरला, तेव्हा खिडकीतून आलेले जड तुकडे बायकोच उचलायला लागली. न बोलता. ताईही भिंग तिच्याकडे सरकवण्याआधी आपल्या पदराने पुसून द्यायची. तेही न बोलता. हे त्यांना तोंडावर कुणी सांगितलं असतं तर दोघींनी साफ नाकारलं असतं.

ताई गेली ती कामावरच, दुपारी. मी तुकडा सरकवला. बायकोने खड्डा पाडला, भिंगातून बघितलं आणि आकडा सांगितला, "तीन पॉइंट नऊ." भिंग ताईपुढे ठेवलं. ताईचा आकडा आला नाही. टकटकची बोटं थांबली. बायकोने पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात, "तीन पॉइंट नऊ." तरी ताई गप्प. दोन्ही हात टेबलावर आणि हातांवर डोकं, जशी ती कधीकधी फुगून बसायची. आणि मग बायको म्हणाली,

"ऐकू येत नाही का?"

त्या पहिल्या दिवसानंतर, इतक्या वर्षांत, आकडा सोडून ती ताईशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. मी खिडकीतून ऐकलं आणि मला वाटलं, चला, आता महाभारत होणार. मी घासायचा पट्टा बंद केला. पलीकडे काहीच झालं नाही. मग टकटक वळली आणि तिने ताईच्या खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल म्हणाले. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

बायको रडली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. घरात माणसं आली, बसली, गेली. ती दारात उभी राहून चपला सरळ लावत होती. बायकांनी तिला जवळ घेतलं तर ती त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायची. तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी. मग कुजबुज सुरू झालीच. शेजारीण जिन्यात दुसरीला म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं." मी दारातच होतो. तिच्या तोंडावर दार लावलं. तेवढंच मला जमलं. बाकी मलाही काही वाटत नव्हतं. सख्खी थोरली बहीण, जिने मला हाताला धरून शाळेत नेलं, पण आत बघावं तर काही नाही. घासायच्या पट्ट्यावर दिवसभर तुकडा धरला की संध्याकाळी बोटांना गरम-गार कळत नाही. तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवत होतो, पण काय जेवलो ते उठल्यावर आठवत नव्हतं.

आम्ही दोघं कामावर परत गेलो. मालक बायकोला म्हणाले, "दुसरं माणूस बघतो मी, तोवर टकटकला शिकवा."

"नको," बायको म्हणाली. "मी बघते दोन्ही."

मालकांना वाटलं, बाई दोनदा मोजणार. चांगलंच आहे, पगार एकच. त्यांनी डोकं हलवलं आणि गेले.

पहिला तुकडा मी सरकवला. यंत्र दाबल्याचा आवाज आला, उचलल्याचा आला. "चार पॉइंट दोन," बायको म्हणाली. मग स्टूल सरकल्याचा आवाज. मी वाकून बघितलं. ती आपल्या स्टुलावरून उठली, भिंग पदराने पुसलं, ताईच्या स्टुलावर जाऊन बसली, भिंगाला डोळा लावला आणि म्हणाली, "चार पॉइंट तीन." पुन्हा उठली आणि आपल्या जागी आली. टकटकने दोन्ही आकडे ठोकले. मागे वळून बघितलं नाही. बाई चतुर होती.

हे रोज चाललं. खड्डा, आकडा, उठणं, बसणं, दुसरा आकडा. मधे क्षणाची फट म्हणून ती पडू द्यायची नाही. उठता उठता भिंग पुसायची आणि बसता बसता डोळा लावायची. माल जात होता, गिऱ्हाइकं खूश होती. कुणाला काही कळलं नाही, कारण कळण्यासारखं चुकत काहीच नव्हतं.

एकदा घरी मी विचारलं, "ताईचा आकडा तू आठवून सांगतेस की बघून?"

"बघून."

"म्हणजे तुला बाहेरची कड दिसते?"

"त्यांच्या स्टुलावरून दिसते."

"मग इतकी वर्षं भांडलीस कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी ताट उचलून आत गेलो. तो विषय पुन्हा काढला नाही. पण मला एक कळलं होतं. या घरात ताईचं म्हणून काही उरलं असेल तर तो आकडा, आणि तो जिवंत ठेवायचा तर बायकोला त्या भिंगापाशी राहणं भाग होतं. ते भिंग गेलं तर सगळंच गेलं. तिला तेवढंच हवं होतं आणि ती ते कुणाला सांगणार नव्हती.

आणि नेमकं ते भिंग जायचंच निघालं. मालकांकडे कॅमेरा विकणारा एकजण येऊन गेला. खड्ड्यावर कॅमेरा धरायचा, पडद्यावर रुंदी आपोआप येते, बघायला माणूसच नको. मालकांना दोन मनं. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रयोगशाळेची तपासणी तोंडावर आलीय, तेव्हा बघू. बायकोचा डोळा त्यात पास झाला तर चाललंय तसं चालू दे. नापास झाला तर कॅमेरा. तपासनीस खात्रीचा ठोकळा घेऊन येणार, त्यावरच्या खड्ड्याची रुंदी त्याच्या बंद पाकिटात असणार आणि त्याने आधीच कळवलं होतं, मोजणाऱ्या प्रत्येकाने आपला एकच आकडा सांगायचा.

आदल्या संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, "हे बघ, त्यात अवघड काही नाही. मनात दोन्ही आकडे काढ आणि मधला सांगून टाक. मधला कधी चुकलेला नाही."

"मधला कुणी बघितलाय?" ती म्हणाली.

"बघितला नसेल. पण बरोबर असतो ना?"

"मला मधला दिसत नाही. दिसत नाही तो कसा सांगू?"

"एक दिवस सांगायला काय जातंय?"

"त्यांनी सांगितला असता?"

ताईने प्राण गेला तरी सांगितला नसता. दोघी एकाच माळेचे मणी. ते मात्र मी तिला बोललो नाही.

तपासनीस आला. शांत माणूस, आवाज मऊ. सगळ्या खोलीवर नजर फिरवली, यंत्राचा भार तपासला, मान डोलावली. मग पिशवीतून ठोकळा काढून टेबलावर ठेवला. त्यावर एका खड्ड्याभोवती लाल गोल काढलेला. मालक हात चोळत उभे. टकटक संगणकापुढे. मी माझ्या खिडकीत, हातात न घासलेला तुकडा धरून.

"हं, बाई," तपासनीस म्हणाला, "एकदाच बघा. तुमचा स्वतःचा काय येतो तेवढा सांगा." आणि खुर्ची दिसेना म्हणून तो ताईच्या स्टुलावर बसला.

बायकोने त्या स्टुलाकडे बघितलं. त्याला उठा म्हणता येत नव्हतं. तिने भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मी मनात म्हणत होतो, मधला सांग, बाई, मधला सांग, उद्याही इथेच बसशील.

"चार," ती म्हणाली.

आणि सवयीने भिंग तिने पदराने पुसून शेजारी सरकवलं. तपासनीसापुढे. तो भिंगाकडे बघत राहिला. टकटकची बोटं कळफलकावर तशीच वर धरलेली, दुसऱ्या आकड्यासाठी. बायको वाट बघत होती. तिची मान किंचित त्या बाजूला वळलेली, कान तिकडे.

"चार," तिने पुन्हा सांगितलं. जरा चढ्या आवाजात.

तो आवाज मी ओळखला. टकटकनेही ओळखला, तिने डोळे मिटले. पुढचं वाक्य बायको आता बोलते की काय असं मला झालं. पण ती ते बोलली नाही. तिने हळूच खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, त्यांचा आकडा आला नाही."

ती रडत नव्हती. एखादा तुकडा यायचा राहिलाय असं सांगावं, तसं तिने सांगितलं. ताईचा आकडा मला माहीत होता. ऐकून ऐकून कुणालाही माहीत झाला असता. तो माझ्या जिभेवर आला होता. पण समोर तपासनीस, मालक, बंद पाकीट. मी तो तिथेच धरून ठेवला. टकटकने एकच आकडा ठोकला.

पाकीट उघडलं. खरी रुंदी चार पॉइंट शून्य पाच. अगदी मधली. "थोडक्यात राहिलं, बाई," तपासनीस म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मालकांनी त्याला पाणी दिलं आणि कोपऱ्यात नेऊन कॅमेऱ्याबद्दल विचारायला लागले. बायकोने यंत्रावर फडकं टाकलं, आपलं स्टूल आत सारलं, मग तपासनीस उठल्यावर ताईचंही सारलं.

घरी आल्यावर ती दाराजवळच्या खुर्चीत बसली, चपलांसकट. दिवा मी लावला. ती भिंतीकडे बघत होती, गेले कित्येक महिने बघायची तशीच. मी पाणी आणून ठेवलं, ते तिने घेतलं नाही. मी समोर बसलो. आकडा एवीतेवी जिभेवर होताच.

"चार पॉइंट एक," मी म्हणालो.

"काय?"

"ताईचा. त्या लाल गोलातला. चार पॉइंट एक आला असता."

ती माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर आठी चढली, किती दिवसांनी चढली.

"येईलच," ती म्हणाली. "बांधासकट धरल्यावर येईल नाही तर काय? लग्न होऊन आल्यापासून सांगतेय, बांध खड्ड्यात धरायचा नसतो. धातू वर आला म्हणून तो खड्डा होतो का? पण ऐकून घेतील तर त्या ताई कसल्या. मी काही म्हटलं की मान तिकडे. मी काही म्हटलं की तुझ्या बायकोला सांग. मला सांगायला काय झालं होतं? मी समोर बसलेली, हाताच्या अंतरावर. मी विचारलं ना, ऐकू येत नाही का? चांगलं स्पष्ट विचारलं. मग एकदा तरी..."

तिथे तिचा आवाज फुटला. आणि मग ती रडली. चपलांसकट, पाय हापटत, लहान पोरीसारखी, मोठ्याने. जिन्यात शेजारणीचं दार उघडल्याचा आवाज आला. तिला काय ऐकायचं ते ऐकू दे म्हटलं. बायको रडत होती आणि मधे मधे श्वास घेऊन ताईला बोलत होती, बांधाबद्दल, मिठाबद्दल, त्या गुडघ्याबद्दल, डॉक्टरकडे दाखवायला चला असा निरोप दिला तरी कधी आल्या नाहीत त्याबद्दल. थेट बोलत होती. माझ्यामार्फत नाही.

माझ्याही तोंडाला खारट चव आली, तेव्हा मला कळलं, की मलाही रडू येतंय. उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण त्यांचं बोलणं चाललं होतं. मी मध्ये पडलो नाही.